कापूस फिरवला तेव्हा

पडद्याबाहेर नंबर लावून बसलेल्या मास्तरांना आतल्या शिंपीकाकांचं सगळं ऐकू येत होतं.

“डॉक्टर, मागच्या लशीला मी चक्कर येऊन पडलो. यापुढे लस नको, असं लिहून द्या.”

“टोचल्यावर किती वेळाने पडलात?”

“लगेच.”

“टोचलं कुठे?” सोबत आलेल्या काकू म्हणाल्या. “नर्सबाईंनी नुसता कापूस फिरवला होता.”

“दंड चार दिवस ठणकत होता, त्याचं काय?”

“शेकला ना मी. उजवा. कापूस डाव्याला लावला होता.”

“काका, दिवसभर तुमच्या हातात सुईच असते की.”

“हातात, डॉक्टर. दंडात नाही.”

“मग ही लशीची रिअ‍ॅक्शन नव्हे, भीतीची. आज आडवं पडून लस घ्या, नंतर अर्धा तास इथेच थांबा.”

मास्तरांनी ‘मला लस चालत नाही’ असा लिहून आणलेला अर्ज खिशात खोल सारला.

“सिस्टर,” त्यांनी हळूच विचारलं, “कॉट एकच आहे का हो?”