मागची डावी बाजू

अकरा मार्च, मंगळवार, सकाळचे दहा वाजून वीस मिनिटे. माझी पुतणी वंदना हिने ती पांढरी गाडी माझ्या दारात उभी केली तेव्हा मी घड्याळ पाहिले, कारण तिने दहाची वेळ दिली होती. वेळ आहे तशीच लिहा. तुम्ही लिहिणारे लोक तिचे ‘एके दिवशी’ करून टाकता.

माझा जन्म येरवड्याचा. वडील छापखान्यात खिळे जुळवीत आणि घरातही छापल्यासारखे बोलावे असा त्यांचा आग्रह असे, म्हणून मी असा बोलतो. गॅरेजमध्ये त्यावरून माझी पुष्कळ थट्टा झाली. वडिलांनी धम्मदीक्षा घेतली त्या दिवशी देवऋषी, भूत, करणी हे सगळे त्यांनी घराबाहेर ठेवले. मीही ते कधी आत घेतले नाही. हे मुद्दाम सांगतो. पुढचे ऐकून तुमचा गैरसमज होऊ नये.

चाळीस वर्षे मी गाड्या दुरुस्त केल्या आणि पासिंगला नेल्या. पासिंग म्हणजे गाडी रस्त्यावर चालण्यास योग्य आहे की नाही याची सरकारी तपासणी. त्यात आमची एक पद्धत होती, ती सांगतो. चांगल्या टायरांचा एक संच, दोन चांगले दिवे, स्प्रिंगच्या वेढ्यात बसवायचे रबराचे तुकडे, असे सामान गॅरेजात वेगळे ठेवलेले असे. तपासणीच्या दिवशी ते टॅक्सीवर चढवायचे, गाडी पास करून आणायची, संध्याकाळी उतरवून घ्यायचे, कारण दुसऱ्या दिवशी दुसरी गाडी असे. त्याला कोणी फसवणूक म्हणत नसे. तयारी म्हणत.

आता मी निवृत्त आहे. ओळखीचे लोक जुनी गाडी घेण्यापूर्वी दाखवायला आणतात; मी घ्या किंवा नको असे सांगतो आणि चहा घेतो. वंदनाची मुलगी आर्या नऊ वर्षांची आहे. तिच्या कंबरेची शस्त्रक्रिया झाली असून आठवड्यातून तीनदा तिला व्यायामासाठी न्यावे लागते, आणि रिक्षात तिला कळा येतात. म्हणून गाडी हवी होती. आर्या मागे डावीकडेच बसणार, कारण त्या बाजूने फुटपाथवर उतरवता येते, हे वंदनाने आल्याआल्या सांगितले. बिबवेवाडीच्या विक्रेत्याने संध्याकाळपर्यंत मुदत दिली होती.

टायर आणि मडगार्ड यांच्यामधल्या फटीत मी बोटे आडवी घातली. उजवीकडे चार बसली, डावीकडे तीन. मागची डावी बाजू खाली होती. त्यात नवल नाही; भाड्याच्या गाडीत प्रवासी मागे डावीकडे बसतो, वर्षानुवर्षे बसतो, स्प्रिंग दबते. परंतु गाडी उचलून पाहिली तर दोन्ही स्प्रिंगा नव्या होत्या, रंगसुद्धा उडालेला नव्हता. शेजारच्या गॅरेजमधल्या गणेशकडून त्या अदलाबदल करून घेतल्या. दोष स्प्रिंगेत असता तर तो उजवीकडे गेला असता. तो गेला नाही. मी दोरी धरून सांगाड्याचे कर्ण मोजले, ते समान भरले. टायर बदलले, हवा मोजली, जमीन समतल आहे का ते पाण्याच्या नळीने तपासले. उजवीकडे चार, डावीकडे तीन.

मग वंदनाला मागे उजवीकडे बसवले. उजवी बाजू दबली, दोन्हीकडे तीन बोटे झाली. तिला डावीकडे बसवले. उजवी वर गेली, आणि डावी हलली नाही. तीनच बोटे राहिली. तिला दोनदा उतरवून बसवले, तरी तेच. गणेश म्हणाला, ताई, डाएट लागू पडलं बघा तुमचं. ती म्हणाली, काका, मी इतकी हलकी झालेय का हो? मी हसलो नाही. ती बसलेली असताना त्या बाजूला जे वजन होते, तेच ती बसण्यापूर्वी होते, आणि ती उतरल्यावरही होते. याहून नेमके मला सांगता येणार नाही.

तोपर्यंत मी फाईल उघडली नव्हती. आधी गाडी पाहायची, मग कागद, हा माझा नियम. फाईलमध्ये पासिंगचे चार जुने कागद होते. तीन नापास. तिन्हींवर एकच शेरा, मागील डावी बाजू खाली. चौथा पास. त्या कागदावरचा क्रमांक पिवळ्या पाटीचा, म्हणजे गाडी टॅक्सी होती तेव्हाचा; तो वाचला आणि कळले, ती गाडी नऊ वर्षांपूर्वी पासिंगला मीच नेली होती. डाव्या स्प्रिंगेत माझे रबर घालून नेली होती, आणि संध्याकाळी रबर काढून घेतले होते.

त्यानंतर आठ दिवसांनी ती कात्रजच्या घाटात वळणावर डाव्या अंगावर उलटली. मागे एकच बाई होत्या, वयस्कर. त्या गेल्या. चालक बबन हात गळ्यात बांधून मला सांगायला आला. म्हणाला, मिस्त्री, त्या सारख्या म्हणत होत्या, अहो, गाडी माझ्या बाजूला झुकतेय. आणि मग विचारले, रबर असतं तर? मी म्हटले, रबर माझे होते. एवढेच म्हटले. रबराने त्या वाचल्या असत्या असे मी म्हणत नाही. वाचल्या नसत्या असेही मला म्हणता येत नाही.

वंदना उभीच होती. तिने विचारले, घेऊ की नको? मी म्हटले, नको. ती म्हणाली, कारण सांगा काका, तुमच्या नकोला नेहमी कारण असतं, त्यांचा मेकॅनिक तर म्हणतो एक नंबर गाडी आहे, आणि त्या पोरीला मी आणखी किती दिवस रिक्षात रडवू? नुसत्या नकोवर ती थांबणार नव्हती. गाडी घेतली असती आणि मुलीला त्या जागेवर बसवले असते. म्हणून मी सांगितले. नऊ वर्षांत पहिल्यांदा सांगितले, गणेशसमोर सांगितले, काही गाळले नाही.

तिने चौथा कागद उचलून वाचला. मग म्हणाली, त्या बाईंचं नाव काय होतं?

मी विचारले नव्हते.

तिने पर्स उचलली. म्हणाली, गाडी तुम्हीच परत नेऊन द्या. आणि रिक्षाला हात केला. चहा तसाच राहिला.

मी एक कोरा कागद घेतला, चौथ्या वेळी गाडी कशी पास झाली ते लिहिले, खाली नाव व सही केली आणि फाईलमध्ये वर लावला. दुपारी तीनला निघालो. मंडईपर्यंत गर्दी होती, पुढे रस्ता मोकळा मिळाला. आतला आरसा मी निघतानाच छताकडे वळवून ठेवला होता. प्रत्येक वळण सावकाश घेतले. मागून येणारे हॉर्न वाजवीत होते, एकाने शेजारी येऊन विचारले, आजोबा, वरात आहे का? मी काच वर केली. गाडीत बोलणे बरे वाटत नव्हते.

विक्रेत्याने वरचा कागद वाचला. म्हणाला, आजोबा, असले कागद कोण वाचतं. मी म्हटले, मी वाचला. वंदना येणार नाही हेही सांगितले. त्याने किल्लीसाठी हात पुढे केला. थांबा म्हटले.

परत गाडीपाशी गेलो. मागचे डावे दार उघडले. वयस्कर बाईंना उतरायला जितका वेळ लागतो, तितका वेळ ते धरून उभा राहिलो. मग दार बंद केले, कुलूप लावले, आणि किल्ली नेऊन त्याच्या हातात दिली.