वीतभर दोरा

बाळांच्या कपड्यांच्या दुकानात, रांगेत माझ्यापुढे उभ्या असलेल्या तरुण बापाने काउंटरवर वीतभर दोरा ठेवला.

“मावशी, कापडी लंगोट हवेत. हे माप.”

“अहो, हे तर मनगटाचं माप. कंबरेचं आणा.”

“कंबरेचंच आहे. नर्सताईंनी घेऊन दिलंय.”

“अगं बाई... एवढीशी?”

“लेकीचं पाऊल माझ्या अंगठ्याएवढं आहे. पण बोट धरलं की सोडत नाही.”

“आमचा सगळ्यात लहान लंगोटही तिला दोन महिन्यांनी बसेल. तोवर घरचंच मऊ सुती कापड बांधा.”

“तरी द्या.”

“घाई काय एवढी?”

“महिनाभर डॉक्टरीणबाई रोज ‘आजचा दिवस बघू’ एवढंच म्हणायच्या. आज म्हणाल्या, उद्या घरी न्या.”

“मग थांबा, रांगायला लागल्यावरचेही काढते.”