फॉल्ट फक्त रविवारी

रविवार, दि. २९ मार्च २०२६. दुपारी ३ वाजून १० मिनिटे.

नाव निरुपमा जनार्दन निमकर, वय ६८, धंदा घरकाम, पूर्वी शाळेत गणित शिकवत असे. राहणार दांडिया बाजार, दुसरा मजला, बडोदे.

विचारल्यावरून सांगते की, माझे पती जनार्दन निमकर, वय ७४, आज सकाळी अकरा वीसच्या सुमारास घरातून निघून गेले ते अजून परत आलेले नाहीत. उंची साडेपाच फूट, रंग सावळा, अंगात पांढरा इस्त्रीचा शर्ट, पायात रबरी चपला. खांद्याला चामड्याची जुनी पिशवी असून तीत पक्कड, टेस्टर आणि काळी टेप आहे. मोबाइल घरीच राहिला आहे. टोपीही खुंटीवरच आहे. जेवलेले नाहीत आणि साखरेची दुपारची गोळी राहिली आहे.

ते रेल्वेत टेलिफोन लाईनच्या देखभालीला होते. पादरा गावाकडे जाणारी जी छोटी गाडी आता बंद आहे, तिच्या लाईनवर त्यांची एकवीस वर्षं गेली. दोन वर्षांपासून त्यांना विसरायला होतं. आजचा वार विसरतात, जेवल्याचं विसरतात, पण हात काही विसरलेले नाहीत. नळ, पंखा, इस्त्री अजून तेच दुरुस्त करतात.

आमची एकुलती मुलगी मैत्रेयी ऑस्ट्रेलियात पर्थला असते. ती रविवारी सकाळी अकरा वाजता कॉम्प्युटरवर दिसते. मोबाइलवर यांना नीट ऐकू येत नाही. म्हणून रविवारी ते अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून पावणेअकरालाच कॉम्प्युटरपुढे बसतात.

आज बसले तर इंटरनेट बंद होतं. त्यांनी भिंतीवरच्या पेटीचे दिवे बघितले. प्लग काढून मोठ्याने तीसपर्यंत आकडे म्हटले आणि परत लावला. कॉम्प्युटरच्या पाठची वायर काढून, पुसून, टक् असा आवाज येईपर्यंत आत दाबली. मग ड्रॉवरमधली दुसरी वायर लावली. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला. कशाचाही उपयोग झाला नाही. त्यांच्या नोकरीतला नियम असा, की आधी पॉवर बघायची, मग वायर, मग माणूस. छोट्या स्टेशनांवर टेलिफोन मुका झाला, तर निम्म्या वेळा कुणीतरी रिसीव्हर बाजूला ठेवून दिलेला असायचा. पण माणसावर संशय सगळ्यात शेवटी घ्यायचा, असं ते म्हणतात.

मी दहा मिनिटं खाली भाजीला गेले होते. परत आले तर दार उघडं आणि टेबलावर त्यांचं फॉल्ट रजिस्टर उघडं. हे रजिस्टर म्हणजे बिघाडांच्या नोंदींची जुनी डायरी आहे. आजच्या नोंदीखाली लिहिलं होतं: ‘फॉल्ट फक्त रविवारी. घरातली लाईन चांगली. बाहेरची लाईन पायी तपासणे.’

खालच्या दुकानातले वसंतभाई यांनी त्यांना जाताना पाहिलं. “काका, क्यां जाओ छो?” म्हणजे कुठे चाललात, असं विचारल्यावर “लाईन चेक करवा” म्हणाले आणि वर वायरकडे बघत चालू लागले. मी न्यायमंदिरापर्यंत आणि स्टेशनच्या बाजूला शोधून आले. माझे पाय आता चालत नाहीत.

हेड कॉन्स्टेबल भक्तीबेन शिर्के यांनी विचारल्यावरून सांगते की, घरात भांडण नाही. मुलगी हल्ली फोन करते का, असं विचारल्यावरून सांगते की, ती कामात असते. माझा कुणावर संशय नाही. वरचा मजकूर मी ऐकला, तो बरोबर आहे, म्हणून सही करते.

पुरवणी जबाब. त्याच दिवशी, संध्याकाळी ७ वाजून ४० मिनिटे.

मी, वर सांगितलेली निरुपमा निमकर, आपण होऊन सांगते की, दुपारी ‘बरोबर आहे’ म्हणून मी सही केली, तो मजकूर पुरता बरोबर नव्हता.

मैत्रेयी रविवारी दिसत नाही. गेल्या १० ऑगस्टपासून दिसलेली नाही. त्या दिवशी ती मला म्हणाली, की आई, तू एकटी किती करणार, सावली गावाकडे अशा माणसांची काळजी घेणारी एक जागा आहे, निदान बघून तरी ये. माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, “बापाचं ओझं झालं असेल तर यापुढे तोंडही दाखवू नकोस.” माझी जीभ पहिल्यापासून अशीच आहे, वर्गातली मुलं मला टरकून असायची. मुलीने माझा शब्द खाली पडू दिला नाही. ती अधूनमधून मेसेज करते, ‘बाबा कसे आहेत?’ मी ‘ठीक’ एवढंच लिहिते.

पुढचे दोन रविवार हे इस्त्रीचा शर्ट घालून दुपारी दोनपर्यंत बसून राहिले. दिवसभर मला विचारत, “मी तिला काही बोललो का गं?” नाही म्हटलं की पाच मिनिटांनी पुन्हा तेच. दुसऱ्या रविवारी रडले. यांना रडताना मी त्याआधी एकदाच पाहिलं होतं, मैत्रेयी सासरी गेली तेव्हा.

म्हणून ३१ ऑगस्टच्या रविवारपासून मी इंटरनेट बंद करू लागले. प्लग किंवा वायर काढली असती तर यांनी लगेच पकडलं असतं. कॉम्प्युटरच्या स्क्रीनवरच एका ठिकाणी ते बंद-चालू होतं. एकदा खरंच बंद पडलं होतं तेव्हा मैत्रेयीने तासभर फोनवर राहून, न चिडता, मला ते चालू करायला शिकवलं होतं. तिने शिकवलेलं मी उलटं वापरलं. लेकीने फोन केला नाही याचं दुःख त्यांना सोसत नव्हतं. लाईन बंद असणं त्यांना सोसतं, कारण ती दुरुस्त होते. ते खटपट करत बसायचे, साडेबाराच्या सुमारास मी गुपचूप चालू करायचे, ते खूश होऊन रजिस्टरात ‘फॉल्ट क्लिअर’ लिहायचे आणि जेवायचे. अशा तीस नोंदी आहेत. आजची एकतिसावी, ती अर्धी राहिली. दर रविवारचा हिशेब त्यांच्या ध्यानात येईल, असं मला वाटलं नव्हतं. गणित शिकवणारी मी, आणि मांडणी त्यांनी केली.

संध्याकाळी सहाच्या सुमारास पोलिसांच्या गाडीतून मला पादरा रोडला नेलं. सामियाला गावाच्या अलीकडे, जुन्या छोट्या लाईनच्या जवळ, एका कलिंगडवाल्याने त्यांना झाडाखाली बसवून ठेवलं होतं. चपलेचा एक पट्टा काळ्या टेपने बांधलेला होता. साखर असूनही कलिंगड खाल्लं होतं.

मला बघून म्हणाले, “निरू, इथपर्यंत एकेक खांब बघत आलो. पॉवर आहे. वायर आहे. आता माणूसच राहिला.”

मी त्यांना सांगितलं, “अहो, तो माणूस मी आहे.” कॉम्प्युटरचं सांगितलं, सावलीच्या त्या जागेचं सांगितलं, मी काय बोलले तेही सांगितलं. त्यातलं त्यांना किती कळलं ते मला माहीत नाही. चिडले नाहीत. पिशवीचा पट्टा खांद्यावर घेत म्हणाले, “मग आता रिसीव्हर जागेवर ठेव.”

ठाण्यात परत आल्यावर, सात वीसच्या सुमारास, भक्तीबेन यांच्या टेबलाशी बसून मी मैत्रेयीला फोन लावला. सात महिने जो नंबर लावायला माझा हात धजला नाही, त्यावर तिने दुसऱ्या रिंगला फोन उचलला. पर्थला तेव्हा रात्रीचे दहा वाजायला आले होते. मी काही म्हणायच्या आत ती म्हणाली, “आई, बोल, मी ऐकतेय.” मी फोन यांच्या हातात दिला. यांना ऐकू कमी येतं, तरी त्यांनी तो बराच वेळ कानाला धरून ठेवला होता.

ही नोंद आता बंद करावी. कोणाविरुद्ध माझी तक्रार नाही. पतींना मी घरी घेऊन जात आहे. सावलीची जागा बघायला मी जाणार नाही, पण पुढच्या रविवारी अकरा वाजता हे मी मुलीला सरळ सांगणार आहे, ओरडून नाही.

हा जबाब मी मराठीत सांगितला, भक्तीबेन यांनी मराठीतच उतरवून घेतला, गुजराती तर्जुमा सोबत जोडला आहे. ओळ न् ओळ वाचून दाखवली आणि या वेळी ती खरोखर बरोबर आहे.

सही: निरुपमा जनार्दन निमकर

(टीप: सहीखालचा मजकूर सौ. निमकर यांचे पती यांनी कागद मागून घेऊन स्वतःच्या हाताने लिहिला. खोडलेला नाही. — भक्ती शिर्के, हेड कॉन्स्टेबल)

फॉल्ट क्लिअर. ७.२२. समोरून आवाज स्वच्छ.
ज. नि.