काळी वरठा आणि आतल्या खोलीचे दार

दिनांक १४ मार्च २०१९

मी, सुनिता नविन वरठा, वय ३२ वर्षे, धंदा मजुरी, राहणार सायवन, तालुका डहाणू, जिल्हा पालघर. पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून, विचारल्यावरून सांगते की,

वरील ठिकाणी मी, पती नविन व सासू काळी, वय अंदाजे सत्तर, असे राहतो. पती उंबरगावला कंपनीत आहेत, शनिवारी घरी येतात. सासूच्या दोन्ही हातांची बोटे वाताने वाकडी झाली आहेत. मागील दोन वर्षांपासून तिला विसर पडतो. मला कधी ओळखते, कधी ओळखत नाही.

घर बांधताना ठेकेदाराने आतल्या खोलीच्या दाराला गोल मुठीचे लॉक बसवले. ते पहिल्यापासून ढिले होते. मूठ नुसतीच गरगर फिरायची, दार उघडायचे नाही. सासूला तर ती धरताच येत नव्हती.

नोव्हेंबरपासून आमच्याकडे भूकंपाचे हादरे बसतात. रात्री आम्ही अंगणात ताडपत्रीखाली झोपतो. फेब्रुवारीत एका दुपारी मोठा हादरा बसला. सासू आतल्या खोलीत होती व दार लागलेले होते. ती आतून ओरडत होती, "मना बाहेर काढ गं, सुनिता!" त्या वेळी तिला माझे नाव आठवले. मी बाहेरून मूठ फिरवली, ती उपटून माझ्या हातात आली. वरून कौले पडत होती. शेजारी पांड्या याने लाथा घालून दार मोडले. सासूला लागले नव्हते. लुगडे ओले झाले होते.

पुढच्या शनिवारी पतीने डहाणूहून आडवे हँडल आणले. सुतार मनिष याने दाराला फळी मारून, जुने भोक बुजवून ते बसवले. तो सासूला म्हणाला, "आजी, बोटं नको लावू, कोपराने दाब." तिने दाबले. दार उघडले. ती हसली व संध्याकाळपर्यंत दार उघडझाप करत राहिली.

त्यानंतर भांडे वाजले तरी ती हादरा समजून बाहेर जाऊ लागली. दोनदा मी तिला रस्त्यावरून परत आणले. पती म्हणाले, "बाहेरून कडी घालत जा." मी म्हणाले, "आणि हादरा आला तर?" कडी आणलेली आहे. लावलेली नाही.

परवा मंगळवारी सकाळी मी बोअरवर पाण्याला गेले. सासू आतल्या खोलीत जाऊन झोपली होती. परत आले तेव्हा दार उघडे होते व ती घरात नव्हती. त्या सकाळी हादरा बसलेला नव्हता. पाडा, ओहोळ, जंगल, एसटीचा थांबा, सगळीकडे पाहिले. पांड्या मोटरसायकलवरून डहाणूपर्यंत जाऊन आला. मिळाली नाही.

वर्णन: अंगाने बारीक, रंग सावळा, कपाळावर गोंदण, अंगावर हिरवे लुगडे, पायात काही नाही.

ती स्वतःचा पत्ता सांगू शकते काय, असे साहेबांनी विचारले. सांगते. नाव काळी सांगते, गाव कैनाड सांगते. ते तिचे माहेर आहे. सायवन सांगत नाही. कोणी भल्या माणसाने तिला घरी पोचवायचे म्हटले, तरी तो तिला कैनाडलाच नेऊन सोडील. आम्ही तिथेही जाऊन आलो. तिच्या भावाचे घर पडून गेले आहे. तिला ओळखणारे तिथे कोणी राहिलेले नाही.

माझी सुताराविरुद्ध किंवा कोणाविरुद्धही तक्रार नाही. लिहिलेले मला वाचून दाखवले व समजावले. मी सांगितले तसेच ते आहे, म्हणून खाली अंगठा दिला आहे.