कुओ बाई दाराबाहेर बसल्या, तो गुरुवार

आजच्या सभेचे अध्यक्ष मुख्याध्यापक ल्यान सर, पालक संघाच्या प्रमुख त्साई बाई, व्यासपीठावरचे मान्यवर, माझे सहकारी, मागच्या रांगांत कुजबुजणारे विद्यार्थी, आणि जाऊ नयेत असं वाटत असताना आज शाळेचा निरोप घेणाऱ्या आपल्या समुपदेशक कुओ सू-ह्वेई बाई, सर्वांना माझा नमस्कार.

मी गणिताचा मास्तर. शब्दांशी माझा संबंध बेताचाच. 

तीन वर्षांपूर्वी बाईंनी अकरावीत ‘छोटे देवदूत’ आठवडा सुरू केला. प्रत्येकाने एका सोबत्याच्या नावाची चिठ्ठी उचलायची आणि आठवडाभर गुपचूप त्याच्यासाठी काहीतरी चांगलं करायचं, सकाळी बाकावर दूध आणून ठेवण्यासारखं. कोण कोणाचा देवदूत, ते शुक्रवारी उघड. मी स्टाफरूममध्ये मोठ्याने म्हणालो, “परीक्षा तोंडावर आलीय आणि आपण दूध वाटतोय!” बाई नुसत्या हसल्या. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्याच आठवड्यात गुरुवारी सहावा तास सुरू होताना माझ्या वर्गातली पेई-शान स्टाफरूममध्ये आली. ही पोरगी म्हणजे चालताबोलता लाउडस्पीकर, पण त्या दिवशी आवाज खाली.

“सर, यो-त्सेननं तिचा कंपास मला दिला. छत्री दुसरीला दिली. तुला नको का, विचारलं, तर म्हणाली, आता लागणार नाही.”

“नवी घेतली असेल. जा वर्गात.”

यो-त्सेन वर्गात पहिली येणारी. पहिल्या येणाऱ्या मुलीची कसली काळजी? असं मला वाटायचं. काय म्हणावं अशा वर्गशिक्षकाला?

पलीकडे बाईंनी चहाचा पेला खाली ठेवला. “पेई-शान, ती आत्ता कुठाय?”

“बाकावर नाहीये, बाई.”

मी जिन्याकडे झेपावलो. बाईंनी माझी बाही धरली. “धावू नका, शाओ सर. आपण धावलो तर सगळी शाळा धावेल.”

चार मजले आम्ही चालत चढलो. वाटेतलं प्रत्येक दार उघडून पाहिलं. सर्वांत वर रसायनशास्त्राची जुनी खोली. आतून कडी. दाराखालच्या फटीत एक सावली. मी दार बडवायला हात उचलला, तो बाईंनी खाली केला आणि स्वतः फरशीवर बसल्या.

“यो-त्सेन, मी कुओ बाई. उपदेश करायला आले नाही. मला फार भीती वाटतेय गं. तू आहेस, एवढंच कळव.”

 दूर बंदरात कुठल्याशा जहाजाचा भोंगा झाला, थांबला. मग आतून दोनदा हलकेच टकटक.

अर्धा तास बाई दाराशी बसून थोडं थोडं बोलत राहिल्या. शेवटी आवाज आला, “मी नसले तरी कुणाला काय फरक पडतो, बाई?”

जिन्यात पेई-शान उभी. तिला खालीच थांबायला सांगितलं होतं. ऐकेल तर शपथ! “फरक पडत नाही म्हणे! चार दिवस सकाळी रांगेत उभी राहून तुझं सोयाबीनचं दूध मी आणतेय! तू पीत नाहीस, बाकात तसंच ठेवतेस. मला रडू येतं, कळतं का तुला?”

आत हुंदका फुटला. बऱ्याच वेळाने कडी निघाली.

यो-त्सेन आता ताइचुंग शहरात शिकते. डॉक्टर आणि औषधं चालू आहेत, बरी आहे. तिने परवानगी दिली म्हणूनच हे बोललो.

पण मी? अजून सहाव्या तासाला मी बाकं मोजतो. एखादं रिकामं दिसलं की आधी ते मूल कुठाय ते विचारतो. आता बाईंच्या जागी येणाऱ्या शिक्षिका आठवड्यातून दोनच दिवस येणार आहेत. उरलेले तीन दिवस समुपदेशनाच्या खोलीत मी बसणार आहे. प्रशिक्षणाला नाव घातलंय, पण अजून यातलं मला काही येत नाही. दार मात्र उघडं ठेवीन.

आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलण्यात उणंअधिक झालं असेल तर पदरात घ्या.

आणि कुओ बाई, एक विनंती. तुमचा फोन नंबर बदलू नका.