तार संपली की हात वर करा

— न्हाय न्हाय, बसा की पावणं, पाच मिनिटांचं काम. पोरीची गिटार न्हवं ही, रक्षिताची? तारा बदलल्या, आता नुसतं सुरात लावायचं. काय बघतायसा? हे मशीन? गिटारीच्या डोक्याला चिमटा लावायचा, हिरवा दिवा लागला की सूर बरोबर. आता सगळी असंच लावत्यात. मी आधी न्हवतो लावत — आधी ह्या शिवाजी पेठेत कुणाची तार उतरली की म्हणायचे, मल्लेशच्या कानाला दाखवा. काय म्हणलासा? हाक? आई व्हय आतनं? चहाचं इचारत असंल. बोलायच्या नादात मला ऐकू आली न्हाय.

तर पोरीला रॉक शिकवशील का, म्हणून इचारत होतासा. लोकांना वाटतंय रॉक म्हंजे नुसता दणदणाट. न्हाय हो. आमचा बँड चौघांचा. आमची गाणी लग्नात चालत न्हाईत, ऑर्केस्ट्रात चालत न्हाईत — 'ह्येच्यावर नाचायचं कसं?' असं तोंडावर इचारून गेल्यात लोक. एका गाण्यात मधीच सगळं थांबतंय. ड्रम बंद, बाकीचं बंद, माझी एकच तार वाजत ऱ्हाती, बारीक बारीक होत जाती, संपती — मग काय न्हाय. हॉलमधी कोण खोकत बी न्हाय. त्या शांततेतनं मी परत सुरू करायचं, मग बाकीच्यांनी. पंधरा वर्षं जो दणदणाट केला, तो तेवढ्या शांततेसाठी. दुसरं काय न्हाय आपल्याकडं.

आन कान रॉकनं गेला न्हाय, बघा. गेला म्हंजे — गेला न्हाय, थोडं हे झालंय. आता तोंडातनं निघालंच, तर ऐका. गेल्या गणपतीच्या मिरवणुकीला मंडळाची पोरं म्हणली, मल्लेशदा, पेठेचा गिटारवाला आन आपल्या बेंजोच्या गाडीवर चढत न्हाय? चढलो. पेठेला नको म्हणता येतंय व्हय? चौकात समोरनं दुसऱ्या मंडळाची गाडी आली. तुमी बावड्याचं, गावातलंच, तुमाला म्हाईत हाय — आवाज आधी कमी करंल ते मंडळ हरलं. दोन्हीकडं स्पीकरच्या भिंती, मधी मी. उतरायला पायजे होतं. पण खालनं पोरं माझं नाव घेऊन वरडत होती — माझं नाव, पावणं, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. न्हाय उतरलो. जिंकलो की आमी. सकाळी उठलो तर कानात शिट्टी. कुकरसारखी, पण गॅस बंद करायची सोय न्हाय. डॉक्टर म्हणले, सवय करून घ्या.

तवापास्नं शांतता म्हणून न्हाय मला. तार बारीक झाली की त्या शिट्टीखाली जाती, संपली का अजून हाय, कळत न्हाय. परवा सरावाला तार संपायच्या आधीच मी परत सुरू केलं. राजवर्धन — आमचा ड्रमवाला — हसला, म्हणला, म्हातारा झालास, घाई करतोस. त्याला सांगितलं न्हाय मी. आईला बी न्हाय. रविवारी शो हाय आन शेवटी तेच गाणं. तुमाला कशापायी सांगत बसलोय, कुणास ठाऊक.

एक काम करा. ही तार छेडतो. पुरी संपली की हात वर करा. मी डोळं मिटतो, मला संपली वाटली की उघडतो. आता बोलू नका.

…

संपली. — हात कुठं हाय तुमचा? अजून? अजून वाजतीया?

…

बरं. आत्ता केलासा वर. लई लांब गेली की.

न्या गिटार. चांगली हाय, तार लांब वाजती हिची. शिकवायचं काय जमणार न्हाय मला, दुसरीकडं बघा. राजवर्धनला सांगतो, रविवारला दुसरा कोण तरी घे म्हणून. न्हाय, पैशाचं ऱ्हाऊ द्या. निघा आता. आन दार जरा जोरात ओढून घ्या — गेल्याचं कळू दे मला.