मऊ अंड्याचं उलथनं

मार्लिस : उलथनं कशासाठी हवंय ते आधी सांगा, म्हणजे दाखवता येईल. ही सगळी भिंत उलथन्यांचीच आहे.

व्हर्न : मार्लिस, मला 'सांगा' काय म्हणतेस? अर्धा जन्म एका घरात काढला आपण.

मार्लिस : घर वेगळं. दुकानात आलेल्याला मी 'सांगा'च म्हणते. जॉयसचा नियम आहे.

जॉयस : माझ्या दुकानात असला काही नियम नव्हता. पण आजपासून केला.

व्हर्न : कशी आहेस, जॉयस? सरोवरावरचा बर्फ यंदा लवकर फुटला, नाही?

जॉयस : फुटला. तुम्ही हवामान सांगायला आलात की काही घ्यायला?

व्हर्न : उलथनं घ्यायला. म्हणजे, अंड्यासाठी. माझी अंडी चिकटतात. मग खरवडावी लागतात.

मार्लिस : तुमची अंडी?

व्हर्न : मी करतो ती.

मार्लिस : तुम्ही करता.

व्हर्न : हं. सकाळी.

जॉयस : मार्लिस, खुर्ची देऊ का बसायला?

मार्लिस : नको. भांडं कसलं आहे?

व्हर्न : काळं, गुळगुळीत. चिकटत नाही म्हणून घेतलं होतं, पण चिकटतंय.

मार्लिस : नॉनस्टिक. आणि आच किती ठेवता?

व्हर्न : पूर्ण. लवकर व्हावं म्हणून.

मार्लिस : अच्छा. मग हे घ्या. स्टीलचं आहे, पातळ पात्याचं. अंड्याखाली सुरीसारखं जातं.

व्हर्न : हे असल्या भांड्याला चालतं?

मार्लिस : न चालायला काय झालं?

जॉयस : मार्लिस.

मार्लिस : काय?

जॉयस : काही नाही. चालू दे तुझं.

मार्लिस : आणखी काय करता? नुसत्या अंड्यावर भागत नसेल.

व्हर्न : मासा करतो. वॉलआय. मीच पकडून आणतो, ते तुला माहीतच आहे.

मार्लिस : पकडून आणता ते माहीत आहे. बादली सिंकमध्ये ओतून अंघोळीला जायचात तेही माहीत आहे.

व्हर्न : आता साफही मीच करतो. पण उलटताना मोडतो. वरचं वर येतं, कातडी तव्यालाच राहते.

मार्लिस : माशाला हे वापरतात. पात्याला लांब फटी आहेत, त्यातून तेल निथळतं. पुढे जरा वाकलंय ना, ते मुद्दाम. तिरकं धरून खाली सरकवायचं. आणि घाई करायची नाही. नीट भाजला की मासा आपणहून तवा सोडतो. त्याआधी ओढलात तर फाटणारच.

व्हर्न : बिडाच्या तव्यात करतो मी. तुझ्या आईच्या.

मार्लिस : तो अजून आहे?

व्हर्न : आहे म्हणजे काय. नोरीन माझ्याकडे राहायला आली तेव्हा तिनं एकदा तो रात्रभर पाण्यात बुडवून ठेवला. नुसता गंज. तिला कुठे ठाऊक. मग मी तो घासून घासून काढला, तेल लावून ओव्हनमध्ये भाजला, परत तेल, परत भाजला. आता कसा चकाकतोय. एकदा केलं की झालं, असं नसतं ते. परत परत करावं लागतं.

मार्लिस : काय करावं लागतं ते मला माहीत आहे.

व्हर्न : हो. तुला माहीत असणारच.

जॉयस : आणि ती लेफ्साची काठी कुठाय? नाताळात बटाट्याच्या पोळ्या उलटायला काढायची ती. मार्लिसच्या आजीची. मुठीवर निळी फुलं रंगवलेली. तीही तिकडेच राहिली ना?

व्हर्न : आहे ना. नोरीननं टोमॅटोच्या रोपाला आधाराला लावलीय. तिला वाटलं, बागेतलंच काहीतरी. काढून आणू का?

मार्लिस : राहू दे. टोमॅटो पडतील.

जॉयस : धन्य आहे.

व्हर्न : अजून एक हवंय. मिक्सरच्या तळाशी राहतं ना, पात्यांखाली, ते निपटून काढायला. नोरीनला घट्ट काही गिळता येत नाही.

मार्लिस : का? काय झालंय?

व्हर्न : क्रिस्टा बोलली नाही तुला?

मार्लिस : मुलीला मी बजावून ठेवलंय. बापाच्या घरचं माझ्या घरी आणायचं नाही.

व्हर्न : घशात गाठ निघाली. किरणं दिली. हिवाळाभर रोज नेत होतो. गाठ गेली म्हणतात, पण आतून सगळं भाजून निघालंय. मऊ अंडं, ओटची पातळ लापशी, कुस्करलेला मासा, एवढंच उतरतं. अंड्याला जराशी तपकिरी कड आली तरी टोचते तिला. बोलत नाही. नुसती थांबते, पाणी पिते आणि बशी बाजूला सारते. म्हणून म्हटलं, उलथन्यात काही चुकत असेल.

मार्लिस : रोज तू करतोस?

व्हर्न : हं. ती एकटी असली की खात नाही. म्हणून गोदीतलं काम सोडलं मी.

मार्लिस : गोदी सोडलीस? वडिलांच्या दफनाच्या दुसऱ्या दिवशी कामावर गेला होतास तू.

व्हर्न : अजून काही वर्षं पगार मिळाला असता. पण म्हटलं, जाऊ दे.

मार्लिस : माझं गर्भाशय काढलं तेव्हा तू कुठे होतास, व्हर्न?

व्हर्न : ते कधीचं म्हणतेस?

मार्लिस : कधीचं म्हणजे? ते एकदाच काढतात.

जॉयस : मी मागे जाऊन कॉफी ठेवते.

मार्लिस : तू थांब इथंच.

व्हर्न : कामावर असेन मी. बोटी सुटायचे दिवस असतील.

मार्लिस : बंदी उठून मासेमारी खुली झाली होती त्या शनिवारी. मी नुकती घरी आले होते, टाके ओले होते. तू दुपारी मित्रांना घेऊन आलास. बादली ओतलीस आणि म्हणालास, तेल तापव, मंडळी भुकेली आहेत. मी एका हातानं पोट दाबून धरलं आणि दुसऱ्या हातानं मासे तळले. तुझा तो रस्टी म्हणाला, कड जरा करपलीय. तू हसलास.

व्हर्न : मला आठवत नाही.

मार्लिस : कसं आठवेल? तू जेवून झोपलास.

व्हर्न : मार्लिस, तू तेव्हा काही बोलली नाहीस. एका शब्दानं म्हणाली असतीस, व्हर्न, मला होत नाही, तर मी काय राक्षस होतो? बाहेरून मागवलं असतं. पण तू गप्प. नेहमी गप्प. भांडी आदळायचीस आणि गप्प. तुझ्या मनात काय चाललंय ते मला कसं कळणार?

जॉयस : पोटाला टाके घातलेल्या बाईनं अर्ज करायचा होता वाटतं.

मार्लिस : थांब, जॉयस. तो म्हणतोय ते खरं आहे. मी मागितलं नाही. माझ्या आईनं कधी मागितलं नव्हतं, मीही नाही मागितलं. आता एक सांग, व्हर्न. नोरीननं मागितलं?

व्हर्न : काय मागितलं?

मार्लिस : अंडं करून दे म्हणाली? तवा घास म्हणाली? नोकरी सोड म्हणाली?

व्हर्न : नाही. ती उलट नकोच म्हणते. उगीच त्रास घेऊ नकोस म्हणते.

मार्लिस : तरी करतोस.

व्हर्न : करतो.

मार्लिस : म्हणजे न बोललेलं कळतं तुला.

(व्हर्न टोपी काढून हातात घेतो. दोन्ही उलथनी घातलेली पिशवी काउंटरवर तशीच पडून आहे.)

व्हर्न : मी तेव्हा निराळा माणूस होतो, मार्लिस.

मार्लिस : होतास ना. आणि तो माझ्या वाट्याला आला.

व्हर्न : तुझ्याशी भांडायला नाही आलो मी. दुसऱ्या दुकानातही गेलो असतो. क्रिस्टा म्हणाली, आईला विचारा, तिच्याइतकं कुणाला कळत नाही. आणि मला वाटलं, तुलाही जरा बरं वाटेल. की चला, शिकला एकदाचा.

मार्लिस : शाबासकी हवी होती तुला.

व्हर्न : तसं नाही.

मार्लिस : तसंच आहे. सगळी वर्षं माझ्या हातचं खाल्लंस. मग म्हणालास, आपल्यात बोलण्यासारखं काही उरलं नाही. घर तुझ्या वडिलांचं, म्हणून बाहेर मी पडले. आता दुसरीसाठी अंडं करतोस, ते बरं झालं का, हे विचारायलाही माझ्याच दारात. दुसरं दार दिसलं नाही तुला.

व्हर्न : चूक झाली माझी इथं येण्यात. पैसे घे. निघतो मी.

मार्लिस : पिशवी दे इकडे.

व्हर्न : कशाला?

मार्लिस : दे म्हणते ना. हे स्टीलचं नेऊ नकोस. यानं त्या भांड्याचा थर खरवडला जातो. पापुद्रे सुटतात आणि अंड्यात जातात.

व्हर्न : पण तूच तर दिलंस.

मार्लिस : हो. मीच दिलं.

व्हर्न : माहीत असून?

मार्लिस : तिच्या घशाचं माहीत नव्हतं. तुझं भांडं खराब व्हावं, एवढंच मनात होतं. तुझं नवं भांडं.

जॉयस : मला दिसत होतं, व्हर्न. मीही गप्प बसले. मलाही धरा त्यात.

व्हर्न : मग अंड्याला आता काय नेऊ?

मार्लिस : हे बघ. हे अंड्यासाठी. सिलिकोनचं आहे. दाबून बघ, कड वाकते ना? गरम भांड्यात वितळत नाही. आच मंद ठेव. पूर्ण आचेवर अंडं टाकून उलथन्याला दोष देतोस तू. लोणी विरघळलं की अंडं घाल, आणि यानं कडेकडून मध्ये ढकलत राहा. उलटायचंच नाही. अजून ओलं दिसतंय तोवर खाली उतरव. भांड्याच्या उबेनं बाकीचं होतं. कड येणार नाही.

व्हर्न : ओलं दिसतंय तोवर.

मार्लिस : तुला वाटेल, कच्चं राहिलं. तरी उतरव. मिक्सरला हे, अरुंद, लांब दांड्याचं. पात्यांखाली जातं. मिक्सरची वायर काढून मग हात घाल. लापशीला लाकडी, पण डाव नको. हे सपाट कडेचं घे, तळ सगळा झाडून घेतं. ओट तळाला लागले की सगळ्या लापशीला जळका वास येतो. तिला चव लागते का?

व्हर्न : गोड अजिबात लागत नाही. जळकं मात्र लगेच कळतं म्हणते.

मार्लिस : मग लाकडी घेच. बर्गरला जाड पात्याचं देऊ? बिडावर खरवडायला तेच लागतं.

व्हर्न : नको. घरात बर्गर करत नाही आता. तिला खाता येत नाही, मग उगीच वास कशाला. तिचं होतं त्यातच मी खातो.

मार्लिस : लापशी?

व्हर्न : सवय झाली.

मार्लिस : तुला गिजगिजं चालायचं नाही. हॉटडिशमधले, रश्शात भाजून मऊ पडलेले मटार वेचून ताटाच्या कडेला लावायचास.

व्हर्न : हं. लावायचो.

मार्लिस : जा आता. दुपार होत आली. तिची खायची वेळ असेल.

व्हर्न : नोरीनला सांगू का, तू निवडून दिलीस म्हणून? तिला बरं वाटेल. ती तशी वाईट नाही, मार्लिस.

मार्लिस : सांगू नकोस. तिचा घास कशाला अडकवतोस?

व्हर्न : बरं. येतो मी. जॉयस, येतो.

जॉयस : दार नीट लावून घ्या. वारा आहे.

मार्लिस : गेला?

जॉयस : गाडीत बसलाय. चालू करत नाहीये. हं, निघाला.

मार्लिस : ते स्टीलचं परत टांग जागेवर.

जॉयस : मी असते तर तेच नेऊ दिलं असतं त्याला.

मार्लिस : नसतं नेऊ दिलंस. माझं नाव घेतलंस तेव्हाच कळलं मला.

जॉयस : भांड्यापुरतं दिलं असतं. बाईच्या घशापुरतं नाही, ते खरं. पण राग येतो. किती वर्षं ऐकतेय मी तुझ्याकडून, पालथ्या घड्यावर पाणी, पालथ्या घड्यावर पाणी.

मार्लिस : तेच कळलं आज. घडा पालथा नव्हता, जॉयस. माझ्याकडे तेवढा पालथा होता.

जॉयस : असं नको म्हणूस.

मार्लिस : काय म्हणू मग? इतकी वर्षं एक समाधान होतं. त्याला येतच नाही, त्याच्यात ते नाहीच, असं म्हणून मी झोपायचे. वाईट वाटायचं, पण झोप लागायची. आता तो लापशी खातोय.

जॉयस : चल, दुकान थोडा वेळ बंद करू. समोर जाऊन काहीतरी खाऊ.

मार्लिस : भूक नाही.

जॉयस : सकाळी काय खाल्लंस?

मार्लिस : टोस्ट. ओट्यापाशी उभ्यानं.

जॉयस : मार्लिस, तुला कधी कुणी अंडं करून दिलंय?

मार्लिस : हॉस्पिटलात. ऑपरेशन झालं तेव्हा. गार झालं होतं. मी बशी पुसून खाल्लं.